पेनड्राइव्हमधला आवाज

'फुकट ते पौष्टिक' हे मला मुळीच मान्य नाही. त्यामुळे शेजारच्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या आणि "पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी ही अख्खी सिस्टीम फुकट आहे" म्हणाल्या, तेव्हा मी आधी विचारलं, "मग खोट कुठे आहे?"

"खोट कसली? ज्याला गरज पडली त्याने बनवलं आणि बाकीच्यांना म्हणाला, घ्या. आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, सुधारावं."

"असले रिकामटेकडे असतात कोण?"

"बरेच असतात, ताई," त्या हसून म्हणाल्या.

माझा धाकटा भाऊ मात्र खुर्चीत पुढे सरकला होता. तो यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करतो. दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. तेव्हापासून मी वाचायचं, त्याने सांगायचं, मी टाइप करायचं, असं चाललं होतं. पण कंपनीत नवीन मॅडम आल्या. कागद बाहेरच्या माणसाने बघायचे नाहीत, म्हणाल्या. कपडे धुण्याच्या यंत्राची एक पुस्तिका त्यांनी ईमेलने पाठवली होती. ती त्याने एकट्याने करून दिली तर काम राहणार, नाही तर बंद. मी बाहेरची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

बाईंनी जुनाट कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, दोन-चार कळा दाबल्या, आणि एक माणूस नाकातून मराठी बोलायला लागला.

"अरे देवा, याला सर्दी झालीय!" मी म्हणाले.

"थांब गं," भाऊ म्हणाला. बोटांना कळा पाठच होत्या. तो एकेक दाबत सुटला. हे काय, गाणी वाजवायचं. हे पत्र लिहायचं. हे बुद्धिबळ! आवाज प्रत्येक गोष्टीचं नाव सांगे आणि हा लगेच पुढच्या दारात डोकावे. "आणि याला मराठी कुणी शिकवलं?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "कुणी एकाने नाही. थोडं याने, थोडं त्याने." त्यावर तो कितीतरी वेळ नुसता 'वा' म्हणत होता. आवाजाचं नाव त्याने बोलक्या ठेवलं. मी दोन वर्षं घसा फोडून वाचलं, मला कधी कुणी वा म्हणालं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दार लावून तो कामाला बसला. संध्याकाळी पुस्तिका पुरी झाली. "उद्या सकाळी एकदा ऐकतो आणि पाठवतो," म्हणाला आणि कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी पुस्तिका नव्हती. एक ओळसुद्धा नाही.

मी धावत बाईंना आणलं. त्या म्हणाल्या, "पेनड्राइव्हवरून चालवलं की ती फक्त चाखून बघायची सोय असते. बंद केलं की सगळं पुसलं जातं. सुरू होताना तसा इशारा येतो की."

"आला होता," भाऊ म्हणाला. "मी पूर्ण ऐकला नाही. आयुष्यभर इशारेच लिहितोय. म्हटलं, त्यात काय नवीन असणार?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. दुपारपर्यंतच मुदत होती. "मी टाइप करते. त्या मॅडमना कोण सांगायला जातंय?"

"नको."

"अरे, काम जाईल!"

"जाऊ दे. नको म्हटलं ना."

बाईंनी जुन्या फायली बाजूला काढून ठेवल्या आणि सिस्टीम कॉम्प्युटरवर कायमची बसवायला त्याच्याच हाती दिली. या वेळी त्याने प्रत्येक इशारा शेवटपर्यंत ऐकला, एक तर दोनदा. मग पुस्तिका पुन्हा लिहिली. मी स्वयंपाकघरात उगाचच डबे पुसत होते. मुदत संपता संपता त्याने ती पाठवली.

संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. बोलक्याने ते सर्दी झालेल्या आवाजात वाचलं. 'एक वाक्य चुकलं आहे. आधी पाणी जाऊ द्यावं आणि मग दार उघडावं. आपण उलट लिहिलं आहे. दुरुस्त करून पाठवा. पुढची पुस्तिका सोबत जोडली आहे.'

"एवढ्या ढीगभर मजकुरात एक वाक्य!" मी भडकले. "तेही घाईत! दे तो फोन इकडे, दोन शब्द सुनावतेच तिला."

भाऊ हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

"ताई, दोन वर्षांत माझी एकही चूक निघाली नाही. मी काय चुकायचाच थांबलो होतो? तू गुपचूप दुरुस्त करायचीस. मला कळायचं गं."

मी फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आता ही चूक माझी आहे," तो म्हणाला आणि कळांवर बोटं ठेवली. "जा, चहा टाक. मला ती दुरुस्त करू दे."