कुलपातलं पंचामृत

चष्मा गाडीतच होता. समोरच्या काचेखाली, चंद्रमोहननं शेवटचा काढून ठेवला होता तिथंच, दोन्ही काड्या पसरून पडलेला. विद्यावती रोज अंगण झाडून झालं की शेडमध्ये जायची, पदरानं खिडकीची काच पुसायची आणि त्या चष्म्याकडे बघायची. चार वर्षं नुसती बघत होती. हातभर अंतर, पण मध्ये काच, गाडीच्या दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मोठ्या दिरांच्या खिशात.

मोठे दीर म्हणजे परशुराम. बेटावरच्या बो बासें गावातल्या मराठी मंडळींतलं बडं प्रस्थ. देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष, कचेरीत हेडक्लार्क, आणि घरीदारी सगळीकडे शहाणे. सत्तावन्न साली धाकटा भाऊ गेला. संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावली, डोकं ठणकतंय म्हणून चष्मा काढून तिथंच ठेवला, घरात येऊन आडवा झाला तो पुन्हा उठलाच नाही. तेराव्याला, सगळे पाहुणे जेवायला बसलेले असताना, या गृहस्थांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही आता माझ्याकडे राहील. बाईमाणसाला मोटार कशाला? त्यातून आता तिला जायचंय तरी कुठं?"

विद्यावतीला गाडी चालवता यायची, हेच तर त्यांचं दुखणं होतं. चंद्रमोहननं तिला रविवारी-रविवारी उसाच्या मळ्यांमधल्या रस्त्यांवर शिकवली होती. सुकाणू धरून नऊवारीतली बाई चाललीय हे बघून मळ्यातले लोक कोयते थांबवून हसायचे, आणि हीसुद्धा हसायची.

"गाडी ठेवा तुम्ही," ती त्या दिवशी म्हणाली. "मला फक्त त्यांचा चष्मा काढून द्या."

"वर्ष होऊ दे."

वर्ष झालं. "आता कशाला त्या आठवणी उकरायच्या?" दुसऱ्या वर्षी म्हणाले, "दार उघडलं की बसावंसं वाटेल, बसलीस की चालवावंसं वाटेल. मी ओळखून आहे तुला." तिसऱ्या वर्षी तिनं मागितलाच नाही. आता काय म्हणावं अशा माणसाला! भावाचा चष्मा हो, सोनंनाणं नव्हे. दोन जाड भिंगं आणि एक वाकडी काडी.

दगड घालून काच फोडावी असं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. एकदा तर दगड उचलूनही झाला होता. पण ती काच चंद्रमोहन दर शनिवारी वर्तमानपत्रानं लखलखीत पुसायचा. त्या काचेवर दगड घालायला तिचा हात धजावेना. हात धजावेना म्हणून तिला स्वतःचाच संताप यायचा, आणि तो सगळा संताप मग परशुरामांच्या नावावर जमा व्हायचा.

गाडी चालवायची नाही, उघडायची नाही, पण पूजा मात्र व्हायला हवी! दर दसऱ्याला परशुराम उपरणं घेऊन यायचे. विधवेनं हळदकुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून तिनं फक्त पंचामृत करून वाटी शेडच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायचं. मग हे गाडीच्या पुढच्या टोपावर गंधाचं नाम ओढणार, चाकांना कुंकू लावणार, आणि शेवटी दाराच्या कुलपावर पंचामृताची धार धरणार. "कुलूप म्हणजे गाडीचं मुख," असं त्यांचं शास्त्र. कुठून आणलं होतं देव जाणे. देवाच्या मूर्तीला पंचामृताचं स्नान घातलं की निदान धुवून पुसून तरी ठेवतात. यांच्या मोटारीला पुसणं नव्हतं. "नैवेद्य पुसायचा नसतो," असंही एक शास्त्र होतं.

पहिल्या दसऱ्यानंतर विद्यावतीला कुलपाच्या भोकात मुंग्यांची रांग शिरताना दिसली. ती बराच वेळ बघत उभी राहिली. आत गेलेलं दूध, दही, तूप, मध तिथंच वाळत होतं. फडकं घेऊन पुसून टाकावं, दोन थेंब रॉकेल सोडावं, एवढं तिला कळत होतं. तिनं फडकं खुंटीला परत टांगलं.

माझ्यासाठी उघडत नाही ना? मग कुणासाठीच उघडू नकोस, बाई.

पुढच्या दसऱ्याला तिनं पंचामृतात साखरेऐवजी काकवी घातली. साखर कारखान्यातून आणलेली, काळीभोर, आणि वर चुलीवर आटवून आटवून चांगली चिकट केलेली. परशुरामांनी धार धरली तेव्हा ती हात जोडून उभी होती. "यंदा पंचामृत छान दाट झालंय," भावजी म्हणाले. त्यानंतर ती दरवर्षी आणखी दाट करत गेली. साठ सालच्या वादळात शेडचे पत्रे उडाले, खारा पाऊस दोन दिवस गाडीवर कोसळला, आणि राहिलेलं काम गंजानं केलं.

मग परशुरामांच्या मुलीचं, कामिनीचं, लग्न ठरलं. सोयरे गुडलँड्स गावचे. व्याही इंद्रदेव साधा, सडेतोड माणूस, पण परशुरामांना त्याच्यापुढं मिरवायचं होतं. "नवरदेव आमच्या घरच्या मोटारीतून मांडवात येईल," असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं. विद्यावतीलाही आमंत्रण आलं. "ये, पण मांडवात मागं बस. सुवासिनींच्या वाटेत नको."

"मोटार एकदा आधी बघून घ्यायची का?" असं मेकॅनिक देवराजनं दोनदा विचारलं म्हणे. परशुराम म्हणाले, "दरवर्षी पूजा होते तिची. तिला काय धाड भरलीय?"

लग्नाच्या दिवशी सकाळी ते आले. फेटा, कोट, उपरणं, हातात झेंडूच्या माळा. मागं देवराज नवी बॅटरी आणि हवेचा पंप घेऊन, आणि त्याच्या मागं खुद्द इंद्रदेव, मुलाला न्यायची मोटार बघायला. विद्यावती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती उठली नाही.

परशुरामांनी किल्ली घातली. अर्धीच गेली. काढून फुंकर मारली, पुन्हा घातली, जोर लावला. किल्ली पुढं जाईना, फिरेना.

"ताला जाम झालाय," देवराज वाकून म्हणाला. त्यानं तेल सोडलं, किल्ली काढून पेटत्या काडीवर तापवली, भोकात सुई घालून बघितली. सुईला काळा चिकटा लागून आला. त्यानं तो बोटावर घेतला, हुंगला आणि जरा गोंधळून जिभेला लावला. "आयो! हे तर गोड लागतंय!"

"गोड?" इंद्रदेव म्हणाले.

"पूजेचं असेल," परशुराम घाईघाईनं म्हणाले. "सर बाजूला. मुहूर्त जातोय." आणि त्यांनी किल्ली पुन्हा घालून दोन्ही हातांनी अशी पिळली की खटकन आवाज झाला. अर्धी किल्ली त्यांच्या चिमटीत राहिली, अर्धी कुलपात.

परशुरामांच्या फेट्याखालून घाम ओघळायला लागला. विद्यावतीनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. खोटं कशाला बोला, चार वर्षांत तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"काच फोड," परशुराम देवराजला म्हणाले.

"मी नाही बाबा. ज्याची गाडी त्यानं फोडावी."

तेव्हा विद्यावती उठली. स्वयंपाकघरात गेली, वरवंटा उचलून आणला आणि दिरांसमोर धरला. "फोडा, भावजी. तेराव्याला सगळ्यांदेखत तुम्हीच म्हणालात ना, किल्ली आता तुमची म्हणून? मग तुमच्याच हातानं फोडा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग व्याह्यांकडे. व्याही वरवंट्याकडे बघत होते. परशुरामांनी वरवंटा घेतला, तोंड फिरवलं आणि घातला. काच खळ्ळकन आत पडली. विद्यावतीच्या काळजात कळ गेली. शनिवार, वर्तमानपत्र, काच पुसणारे ते हात, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण तिनं डोळे मिटले नाहीत.

देवराजनं हात घालून आतून दार उघडलं. "चला, झालं!" परशुरामांनी श्वास सोडला. "बॅटरी लाव. चालू कर."

"चालू कशानं करू?" देवराज म्हणाला. "इंजिनाची किल्ली तीच. ती तुम्ही मोडली."

"मग तारा जोड!"

"जोडीन की. पण पेट्रोल वाळून गोंद झालं असेल, ते सगळं खोलावं लागेल. संध्याकाळ होईल."

इंद्रदेवांनी घड्याळ बघितलं. मग परशुरामांच्या हातातल्या झेंडूच्या माळा हळूच आपल्याकडे घेतल्या. "चला व्याही, बस गाठू. माझा मुलगा बसनं शाळेत गेला, बसनं नोकरीला जातो. लग्नालाही जाईल." आणि ते फाटकाकडे चालू लागले.

विद्यावती गाडीत वाकली. काचेचे तुकडे झटकले आणि चष्मा उचलला.

"एवढ्यासाठी?" परशुराम म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "एवढ्याशा चष्म्यासाठी तू माझी अब्रू घालवलीस?"

"मी काय केलं? कुलपावर धार तुम्ही धरलीत, किल्ली तुम्ही मोडलीत, काच तुम्ही फोडलीत." ती चष्मा पदरानं पुसत होती. "मी फक्त काकवी दाट आटवत गेले, भावजी. दर वर्षी. आणि तुम्ही दर वर्षी छान म्हणालात. एकदा जरी चष्मा काढून दिला असता ना, तर मी ते कुलूप जिभेनं चाटून साफ केलं असतं."

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. चंद्रमोहन असताना ती गमतीनं तो घालायची तेव्हा त्या जाड भिंगांतून सगळं इवलंसं दिसायचं. "मी तुम्हाला एवढीशी दिसते?" असं ती विचारायची. तो म्हणायचा, "चष्मा काढला तर तूच दिसत नाहीस. मग काय कामाचं ते जग?" ते आठवून तिचे डोळे भरून आले. तरी तिनं मान वर करून समोर बघितलं.

शेडच्या दारात दीर उभे होते. फेटा, कोट, उपरणं, चिमटीत अर्धी किल्ली. एवढा भारदस्त माणूस, पण त्या भिंगांतून वीतभरच दिसत होता. तिनं त्यांना मन भरेपर्यंत बघून घेतलं.

"जा भावजी," ती म्हणाली, "बस चुकेल."