पोथी कुठे बांधावी

सहा शनिवार प्रभावती मूग गिळून बसली होती. सातव्याला मात्र तिचं घोडं अडलं.

मोशीजवळच्या त्या कॉलेजात 'वाचन आणि चर्चा' नावाचा इंग्रजीचा कोर्स चालायचा, दर शनिवारी साडेचार ते सहा. कॉलेजची मुलं असत, कंपनीतून पहिली शिफ्ट सुटून आलेले कामगार असत, दोनचार गृहिणीही असत. सगळ्यांनी मिळून एकच छोटं पुस्तक वाचायचं, आठवड्याला थोडी थोडी पानं, आणि गोल बसून त्यावर बोलायचं. बोलायचं ते इंग्रजीतच. एकाचं बोलून झालं की बाकीच्यांपैकी कुणीतरी त्याला एक प्रश्न विचारायचाच, असा मोनिका मॅडमचा नेम होता. तो नेम सगळ्यांनी पाळला. एकट्या प्रभावतीने ना काही सांगितलं, ना काही विचारलं. शेवटी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. येत्या शनिवारी पाच मिनिटं तरी बोला, नाहीतर तुमचं नाव मला सकाळच्या एबीसीडीच्या वर्गात घालावं लागेल, असं त्या म्हणाल्या. म्हणाल्या अगदी प्रेमाने, म्हणून जास्त लागलं.

एबीसीडीत बसायची तिला लाज नव्हती. पण तिथे फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि घरी जायचं, आणि घरी जायचा तिला मनापासून कंटाळा होता. मालकांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. चऱ्होलीच्या त्यांच्या शेतात आता बारा मजली इमारती उभ्या होत्या, मुलगा दिग्विजय दिवसभर बिल्डरांच्या मागे आणि सून बँकेत. दोघंही तिला लोणच्याच्या बरणीसारखं जपत होती. धक्का लागू द्यायचा नाही, झाकण उघडायचं नाही. तिला कुणी काही विचारायचं नाही, कारण विचारलं तर ती रडेल. शनिवारी मात्र पंधरा माणसं गोल बसून एकमेकांना विचारायची, तुला काय वाटतं? अजून तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारतील, या आशेवर तिचा आठवडा निघायचा. तो शनिवारच आता जाणार होता.

गंमत अशी, की ते पुस्तक तिने वाचलं होतं तसं त्या वर्गात कुणाच्या बापाने वाचलं नसेल. साठ पानांचं, सोप्या इंग्रजीतलं पुस्तक. थंड मुलुखातली नदी, तिथला एक नावाडी आणि त्याची बायको. आणि प्रभावतीला पुस्तक वाचायची एकच रीत ठाऊक होती, पारायणाची. सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, लावलेली. अंघोळ करून पाटावर बसायचं, पुस्तक चौरंगावर ठेवायचं, मोठ्याने वाचायचं. मधे उठायचं नाही, एक ओळ गाळायची नाही, सात दिवसांत पुस्तक तडीस न्यायचं. अर्थ कळला तर देवाची कृपा, नाही कळला तर तो हळूहळू झिरपतो. इंग्रजी पुस्तकापुढे उदबत्ती लावलेली पाहून सुनेने दारातूनच पाय मागे घेतला. सहा आठवड्यांत प्रभावतीची सहा पारायणं झाली. अर्धं पुस्तक न उघडता घडाघडा बोलणारे महाभाग वर्गात होते, पण ते जाऊ द्या.

निम्मे शब्द तिला कळत नसत. पण वाचता वाचता काहीतरी दिसायला लागायचं. पौषातल्या सकाळी, इंद्रायणीवरून धुकं वर यायचं आणि इमारतींचे खालचे मजले पुसून टाकायचं. वरच्या मजल्यांच्या खिडक्या तेवढ्या अधांतरी राहायच्या. धुक्याखाली आपलं कांद्याचं शेत अजून आहे, असं तिला वाटायचं. पुस्तकातली नदी कुठे संपली आणि इंद्रायणी कुठे लागली, हे तिला सांगता आलं नसतं. पलीकडून होडी यायची. पहिल्या पारायणात नावाड्याला चेहराच नव्हता. तिसऱ्यात त्याला मालकांची टोपी आली, मग मिशी आली, मग उतरताना डाव्या पायावर घेतलेला तो झोकही आला. काठावर उभी असलेली बायको कधी लोकरी कोटात असायची, कधी प्रभावतीच्या जांभळ्या साडीत. वाचता वाचता तिला हसू फुटायचं आणि ओळ चुकायची.

असं करत ती अठ्ठावन्नाव्या पानावर पोचायची. तिथे होडी रिकामी परत येते. उरलेली दोन पानं बायको काठावर बसून राहते, आणि पुस्तक संपतं.

आता इथे रुक्मिणीबाईंचा दंडक आडवा यायचा. पोथी मरणाच्या प्रसंगावर बांधायची नाही. पुढे वाचत जायचं, चार बऱ्या ओळी लागल्या की मगच बांधायची. पुढे काही नसेल तर मागे यायचं आणि सुरुवातीचं वाचायचं. या पुस्तकात पुढे काहीच नव्हतं. म्हणून ती दर वेळी पहिल्या पानावर यायची. तिथे नावाडी संध्याकाळी गात गात घरी येतो आणि ओल्या पायांनी आत आला म्हणून बायको त्याला बोलते. तेवढं वाचून ती पुस्तक कपड्यात बांधायची आणि शांत मनाने चहा टाकायची.

सातव्या शनिवारी चर्चा होती ती शेवटावर. सार्थक नावाचा चुणचुणीत मुलगा म्हणाला की त्या बाईने होडी विकून शहरात राहायला जावं. कुरुळीला राहणारा आणि तिथल्याच कंपनीत काम करणारा नवनाथ म्हणाला की विकू नये, होडी चालवावी. त्यावर बरीच रणधुमाळी झाली. मग मॅडमनी प्रभावतीकडे पाहिलं.

ती उठून उभी राहिली. वाक्यं पाठ होती. तिने मोडक्या पण सलग इंग्रजीत सांगितलं, की शेवटी तो घरी येतो. संध्याकाळ असते. तो गात असतो. बायको त्याला रागावते, पण आतून ती फार खूश असते. मला हा शेवट खूप आवडला, असं म्हणून ती थांबली.

सार्थकने पानं उलटली. "आंटी, पेज फिफ्टी-एट," तो म्हणाला. "द बोट इज एम्प्टी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. प्रभावतीने पान काढलं. ओळ होतीच. सहा वेळा तिने ती मोठ्याने वाचली होती, सहाही वेळा ती तिच्यावरून चालत पुढे गेली होती. तिचा चेहरा उतरला.

"न्हाई ओ मॅडम," ती म्हणाली, "आमच्यात मरणावर पोथी बांधत न्हाईत. म्हणून मी मागं येते..."

मॅडमना कळलं असावं. पण हे इंग्रजीत सांगा, असं त्या हळूच म्हणाल्या.

मराठीत तिच्याकडे या गोष्टीसाठी शब्दच शब्द होते. मालक गेले, देवाघरी गेले, आम्हाला सोडून गेले. दीड वर्ष ती ते शब्द वापरत आली होती, आणि मालक तिच्या लेखी कुठेतरी गेलेलेच होते. गेलेलं माणूस संध्याकाळी येतं. इंग्रजीत तिच्याजवळ एकच शब्द होता. आणि इंग्रजीत 'मालक' म्हणून भागणार नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते उखाण्यात, तेही लोकांनी अडवून धरलं तेव्हा.

"माय हजबंड इज डेड," ती म्हणाली. "हिज नेम इज बबनराव."

नेमाप्रमाणे आता कुणीतरी प्रश्न विचारायला हवा होता. सार्थक बिचारा चपलांकडे बघत बसला. शेवटी नवनाथने घसा साफ केला.

"मावशी," तो म्हणाला, "अँड देन?"

आणि मग? दीड वर्षात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. दवाखान्यातल्या त्या दुपारपाशी आली की ती मागे वळायची, लग्नाच्या मांडवात, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेत, पहिल्या पानावर. त्या दुपारच्या पुढे काही आहे, याची तिने दखलच घेतली नव्हती. पण होतं. एके दिवशी ती कुणाला न सांगता घराबाहेर पडली होती. या कॉलेजच्या खिडकीत तिने फॉर्म मागितला होता. खिडकीतल्या मुलीने कुणासाठी हवाय म्हणून विचारलं, तेव्हा ती 'माझ्यासाठी' म्हणाली होती.

"देन आय कम हिअर," ती म्हणाली. "अलोन. बाय बस."

तिला रडू आलं. सगळ्यांसमोर, पंधरा माणसांसमोर, आणि कुणीही तिला गप्प करायला धावलं नाही. नवनाथने पुन्हा विचारलं, "अँड देन?" तिने पदराने नाक पुसलं आणि पुढचं सांगायला लागली.