काही विचारायचंय का?

नर्मदाबाईंनी वातींचं ताट बाजूला सारलं, खुंटीवरची नवऱ्याची पांढरी टोपी काढून आपल्या डोक्यावर ठेवली आणि लेकीला हाक मारली.

“हं, ये आता आत. साहेब हाय मी.”

हसू दाबत अंबिका उंबऱ्यातून आत आली. शहाऐंशीचा तो उन्हाळा. कॉलेजची परीक्षा नुकतीच संपली होती आणि परभणीच्या एका बियाणं कंपनीत सुट्टीपुरत्या पोरी घेणार होते. उद्या मुलाखत. काम मिळालं तर लग्नाचं पुढच्या साली. नाहीतर शनिवारी पोखर्णीची माणसं तिला बघायला मानवतला येणार, असं तिच्या वडिलांनी, माणिकरावांनी, ठरवून टाकलं होतं. ते ओसरीत बाजेवर पडून पंख्यानं वारा घेत होते.

“मान खाली घाल,” नर्मदाबाई म्हणाल्या. “नाव हळू सांग. दोनदा इचारल्याबिगर बोलू नको.”

“माय, ही मुलाखत हाय. मला बघायला न्हाई आले.”

“मंग? चार माणसं बसतेत, एक पोरगी हुभी राहती. तेच की!”

“इथं खुर्ची देतेत. डोळ्याला डोळा देऊन बोलावं लागतं. अन् आमचे सर म्हणले, शेवटी साहेब इचारतो, तुम्हाला काही विचारायचंय का? तवा न्हाई म्हणायचं नसतं.”

नर्मदाबाईंचा हात टोपीवरच थांबला.

“आपण इचारायचं? त्यायला?”

“हां.”

“राग न्हाई येत?”

“उलट पोरगी हुशार वाटती. थांब, दावते तुला.”

अंबिकानं टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली आणि घसा खाकरला.

“बाई, तुम्हाला काही विचारायचंय का?”

‘न्हाई’ म्हणायला नर्मदाबाईंनी तोंड उघडलं. पण आज गुरुवार होता. गुरुवारी त्या उपास धरत आणि खोटं बोलत नसत, लग्नाआधीपासूनचा नेम.

“पाणी कुठून आणावं लागतं?” त्यांनी विचारलं.

“साहेबाला पाणी काय इचारती, माय! नळ हाय तिथं...”

बोलता बोलता अंबिका थांबली. माय तिच्याकडं बघतच नव्हती. ती ओसरीकडं बघत होती.

“लग्नाच्या दुसऱ्या दिशी कळलं मला,” नर्मदाबाई सावकाश म्हणाल्या. “आड ओढ्यापल्याड हाय म्हणून.”

बाजेवरचा पंखा थांबला.

“बघायला आलतो तवा इचारलं असतंस,” माणिकराव छताकडं बघत म्हणाले, “तर मी खोटंच सांगितलं असतं. आड दारातच हाय म्हणून.”

“का बरं?”

“तू नको म्हणली असतीस तर?”

अंबिका खळाळून हसली. नर्मदाबाईंनी ताट पुढं ओढलं, एक वात वळली, दुसरी वळली. हसू त्यांच्याही ओठांवर आलं, पण उशिरा.

“माझं झालं,” त्या म्हणाल्या. “पाणी आणलं. गोड करून घेतलं. हिला तेवढं इचारू द्या.”

माणिकराव उठून बसले. मग बाजेखाली पायानं चपला चाचपल्या.

“पोखर्णीची गाडी किती वाजता हाय गं?”

“एवढ्या उन्हाचं?”

“सांगून येतो त्यायला. शनिवारी येऊ नका म्हणून.”

“पर आबा,” अंबिका दारात आली, “मुलाखत अजून व्हायचीय. मला घेतलंच न्हाई तर?”

“तर इचार त्यायला,” पायरी उतरत माणिकराव म्हणाले, “का घेत न्हाई म्हणून.”