निधनवार्ता ऐकत वाढलेली पिल्लं

मी ग्वेन बोलतेय. हो, ग्वेनच. काळी, अंगानं भरलेली, अंडी देणारी कोंबडी. आमच्या मालकिणीनं, मर्लनं, आम्हा दहाजणींना नवऱ्याच्या बहिणींची आणि आत्यांची नावं ठेवलीत. थोरल्या नणंदेचं मला दिलं, कारण म्हणे आमच्या दोघींची चाल सारखी. ती नणंद नाताळला येऊन माझ्याकडे निरखून बघायची, तेव्हा मर्ल स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबून हसायची.

टास्मानियातल्या या टेकडीवर आमचं बरं चाललं होतं. मर्ल आधी बोलायची, मग खुराड्याची कडी काढायची. उचलताना एक हात छातीखाली, पाय तिच्या बोटांत, पंख तिच्या काखेत. मला तर डुलकी लागायची.

मग हिवाळ्यात ती ओल्या पायरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आम्ही तिच्या नवऱ्याच्या, क्लाइवच्या हवाली झालो.

माणूस वाईट नाही हो. पण तीस वर्षं त्यानं मोठ्या शेडमधल्या कोंबड्या ट्रकवर चढवल्या होत्या. एका हातात चार, पायांनी धरून, उलट्या. कोंबडी धरायची एवढीच रीत त्याला ठाऊक. पहिल्याच दिवशी त्यानं मला तसं उचललं. आभाळ खाली गेलं, श्वास अडकला, आणि मी जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले. त्याला वाटलं, मी भांडकुदळ आहे.

तेव्हापासून त्याचे बूट वाजले की आमची पाचावर धारण बसायची. सगळ्या कोपऱ्यात, एकीवर एक. अंडी कमी झाली, जी आली ती मऊ कवचाची. क्लाइवनं शिंपल्यांचा चुरा घातला, खाद्य बदललं, शेजारच्या कुत्र्याला शिव्या दिल्या. स्वतःच्या हातांकडे तेवढं पाहिलं नाही.

मर्ल घरी आली ती वॉकर धरून. पायऱ्या उतरायची तिला बंदी. लेक लिनेट शहरातून आली आणि तिनं ठरवूनच टाकलं की बाबांना जमत नाही, आईला झेपत नाही, तेव्हा कोंबड्या देऊन टाकायच्या. महिन्याभरानं पिंजरे घेऊन येते म्हणाली. मर्ल नुसती खिडकीतून आमच्याकडे बघत राहिली.

आणि मी शहाणी नेमकी तेव्हाच खुडूक बसले. पोटाखाली उबवायला सात अंडी.

दुसऱ्या दिवशी मर्लनं खिडकीतून क्लाइवला हुकूम सोडला, "बादली पालथी घाल, तिच्यावर बस, आणि हात मांडीवर ठेव. त्यांना तुझी सवय होऊ दे."

"आणि बसून करू काय?"

"पेपर वाचून दाखव."

क्लाइवनं उघडले ते फुटबॉलचे निकाल. त्याचा संघ हरला होता. पुढचं काय सांगू, आमच्यातल्या दोघी थेट जाळीवर चढल्या.

"निधनवार्ता वाच," मर्ल म्हणाली. "त्यावर तरी ओरडू नकोस."

मग रोज सकाळी म्हातारा आम्हाला गावातलं कोण कोण गेलं ते वाचून दाखवायचा. आवाज आपोआप खाली यायचा, टोपी मांडीवर उतरायची. ओळखीचं नाव आलं की थांबायचा आणि चार दाणे हळूच टाकायचा. आठवड्यात आम्ही कोपरा सोडला. त्याच्या आत्याच्या नावाची जी आहे, तिनं तर त्याच्या बुटाची नाडी सोडली. अंडीही हळूहळू येऊ लागली. माझ्या पिल्लांनी कवचाआडून त्याच वार्ता ऐकल्या, आणि सातही धडधाकट बाहेर आली.

पण त्याचा हात मी विसरले नव्हते.

पिल्लं चार दिवसांची झाली आणि लिनेट पिंजरे घेऊन आली. पेपरवाचनाचं ऐकून ती हसली. म्हणाली, "एक पिल्लू हातात घेऊन दाखवा, बाबा. आरडाओरडा न होता. मग ठेवू."

क्लाइव बादलीवरून खाली गवतात बसला. गुडघे करकरले. त्यानं उघडा तळवा जमिनीवर टेकला.

"ग्वेन," तो म्हणाला, "तेव्हा चुकलं गं माझं."

आम्हा आयांचा एक आवाज असतो. तो काढला की पिल्लं क्षणात दडी मारतात. तो माझ्या गळ्याशी आला होता. खरं सांगते, मला अजून भीती वाटत होती. मी ओरडले असते तर पिल्लं पांगली असती, आणि दुपारपर्यंत आम्ही सगळ्या पिंजऱ्यात. मी तो आवाज गिळला, त्या हातापाशी गेले आणि पिल्लांना दाण्याला बोलवतात तशी साद घातली. सगळ्यात धाकटं तळव्यावर चढलं. मग दुसरं. तिसरं तर अंगठ्याला टेकून झोपलंच.

जाळीपाशी वॉकर धरून मर्ल उभी होती. कशी उतरली कुणास ठाऊक.

"माझ्याकडे यायला पंधरा दिवस लागायचे मेल्यांना," असं जळफळत म्हणाली आणि बाहीनं डोळे पुसू लागली. लिनेटनं पिंजरे रिकामेच परत नेले.

आता मी आठवड्याला एखादं अंडं देते, तेही मनात आलं तर. अंड्यांचं काम लेकी बघतात. तुमच्यावर कधी कोंबडी उचलायची वेळ आली, तर आधी दोन शब्द बोला, मग छातीखाली हात घाला. एवढंच मागणं आहे.

माझ्या लेकी क्लाइवच्या मांडीवर उड्या मारून बसतात. त्यांना वाटतं, माणसाचा हात पहिल्यापासून असाच असतो. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.