हरणारा जावई

आमच्या भागवत भावजींची एक परीक्षा आहे. मुलगी बघायला आलेल्या पोराला जेवणाआधी जाजमावर बसवायचं आणि तीन पत्तीचे दहा-बारा डाव खेळवायचे. घर माळकऱ्यांचं, म्हणून पैसे नाहीत, चिंचोके. पोरगं जिंकत सुटलं तर ते पत्त्यातलं आहे, स्थळ मोडायचं. हरलं तर साधं आहे, सुपारी फोडायची. गळ्यात माळ असून घरात पत्ते कशाला ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, ते खेळायला नाहीत, माणूस तपासायला आहेत. त्यांच्या थोरल्या दोन्ही पोरी याच परीक्षेवर दिल्या आणि सुखाला लागल्या. तेव्हापासून भावजींचा तिच्यावर नागनाथाइतका भरवसा.

मला या परीक्षेची चीड आहे, कारण ती उलटी आहे.

हे मला कळतं, कारण माझ्या नवऱ्यानं आमच्या ओसरीवर अकरा वर्षं पत्त्यांचा अड्डा चालवला. मी पत्त्याला बोट लावलं नाही, पण चहा मीच नेऊन द्यायची. दिवसातून चार वेळा, आठ-दहा कप. नवखा माणूस कोण आणि मुरलेला कोण, हे कप हातात देतानाच समजायचं. नवखा मला बघून पत्ते छातीशी धरायचा, जशी काही मी ते वाचून दुसऱ्याला सांगणार होते. चहा त्याच्या धोतरावर सांडायचा. मुरलेल्याचे पत्ते पालथे पडलेले असायचे. एकदा बघितले, संपलं. तो कप घ्यायचा, फुंकर मारायचा आणि समोरच्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. आणि एखादा नवा पैसेवाला आला की हेच मुरलेले पहिल्या दिवशी हसत हसत हरायचे. त्याला दुसऱ्या दिवशी परत आणायचं असायचं ना.

त्या घराचं पुढं काय झालं ते आमच्या पुसेगावात सगळ्यांना माहीत आहे. नवरा गेल्यावर मला कीर्तनानं उभं केलं. पखवाजावर थाप पडली आणि टाळकरी मागं सरकले की माझ्या जिवातलं सगळं सैल होतं. नुकताच सप्ताह संपला. काल्याच्या कीर्तनात महाराज रागावर दीड तास बोलले. इतकं गोड बोलले की माझे डोळे भरून आले, सगळ्यांशी नीट वागायचं मी मनोमन ठरवलं. ते तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

त्या दुपारी डोंगरकड्याहून विश्वंभर आला. आमच्या राजनंदिनीसाठी. ही भावजींची धाकटी, आई लवकर गेली म्हणून माझ्याच हाताखाली वाढली. मला मोठी माय म्हणते. नर्सिंग करून हिंगोलीत नोकरीला आहे. मुलाचं खताबियाण्याचं दुकान, बोलणं हळू, पाया पडला तर डोकं पार खाली टेकवलं. सोबत त्याचे संतराम मामा. ताटात साडी, नारळ, सुपारी घेऊनच आले होते. पोरगं बसतंय न बसतंय तोच मामा म्हणाले, आमच्या पोराला सुपारीचं खांडसुद्धा चालत नाही आणि पत्ते तर त्यानं हातात धरले नाहीत. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिच्या वासात मला ते वाक्यही जरा जास्तच शिजल्यासारखं वाटलं.

डाव सुरू झाला. भावजी, मामा, विश्वंभर आणि चौथा शेजारच्या तांड्यावरचा खेमा. खेमा आणि भावजींचे बांध लागून आहेत, पोरींच्या प्रत्येक कार्याला तो असतोच. खेमा खेळला की घरात सण. पत्ते तीनदा बघणार, खालचा वर करणार, परत खाली लावणार. चांगला पत्ता आला की कान लाल होणार आणि माणूस एकदम गप्प. वाईट आला की गाणं म्हणणार. दोन डाव जिंकला तर उठून नाचला आणि मामांना म्हणाला, "मामा, घरून पोतं आणलं असतं तर चिंचोके भरून नेले असते."

विश्वंभर हरत होता. मध्येच त्यानं लाजत विचारलं, कलर मोठा का सिक्वेन्स? भावजींनी प्रेमानं समजावून सांगितलं. पण मी दारातून त्याचे हात बघत होते. पत्ता आला की लगेच उचलत नव्हता, आधी बाकीचे तिघं उचलताना त्यांच्याकडे बघायचा. मग एकच नजर, आणि पालथा. चिंचोके बोलता बोलता एका अंगठ्यानं पाच-पाचच्या थप्पीत लागत होते, त्याचं त्यालाही भान नव्हतं. खेमाचे कान लाल झाले की हा पत्ते टाकून द्यायचा. आणि खेमा गाणं म्हणाला तरीही टाकून द्यायचा. भावजींच्या परीक्षेची गोष्ट पंचक्रोशीत पोचलेली, हरायचं ठरवून आलेला माणूस होता तो.

माझं अंग तापलं. भावजी हात धुवायला रांजणापाशी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवला होता, पण दात एकमेकांवर होते.

भावजी हसले. "वैनी, पोरगं चाळीस चिंचोके हरलं. त्याला पत्त्यातलं काही कळत न्हाई, अन् तुमी त्याला जुगारी करून राहिल्या."

मी म्हणाले, चाळीस हरला म्हणूनच. ते म्हणाले, तुमचं दुःख मला ठाऊक आहे, पण तुमाला आता प्रत्येक माणसात दादाच दिसतो. असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अकरा वर्षं मी जे बघितलं ते यांच्या लेखी माझं दुखणं होतं, अक्कल नव्हती.

मी चहा नेला. सगळे पाय मोकळे करायला उठले, तेवढ्यात जाजमावरचे पत्ते मीच गोळा केले आणि चार पत्ते ट्रेखाली सरकवून आत आणले.

पुन्हा बसले. भावजींनी पिसले, वाटले. पुढच्या डावाला खेमानं पिसले, त्याच्या पुढच्याला मामांनी. कुणाला काही नाही. मग पाळी विश्वंभरची आली. पहिल्यापासून तो पत्ते गावठी पिसत होता, अर्धे सांडत होता. या वेळेलाही तसेच पिसले. दुसऱ्यांदा पिसायला घेतले आणि थांबला. पत्त्यांचा जोड उभा करून जाजमावर ठोकला, अंगठा कडेवरून एकदा फिरवला.

"यात तीन-चार पत्ते कमी हायेत," तो म्हणाला.

सहज म्हणाला. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. खेमानं कौतुकानं जोड ओढून घेतला आणि मोठ्यानं मोजला. अठ्ठेचाळीस. मामांनी मांडीवर थाप मारली, भाचा किती हुशार बघा म्हणाले. भावजीही हसत होते. अजूनही हसत होते!

मी बाहेर आले आणि चार पत्ते जाजमावर टाकले.

"हे मी काढले. भावजी, तुमी पिसले, खेमाभाऊंनी पिसले, मामांनी पिसले. तिघांच्या हाताला कळलं न्हाई. ज्यानं पत्ता कधी धरला न्हाई, त्याच्या अंगठ्याला बराबर कळलं."

खेमानं हातातला जोड खाली ठेवला. मामा म्हणाले, बाईंनी पाहुण्यांची चोरी धरायला पत्ते चोरले, ही कुठली रीत? भावजींचा चेहरा उतरला, पण ते माझ्यावरच चिडले. आत चला म्हणाले. मी गेले नाही.

तेव्हा राजनंदिनी दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मुलाकडे सरळ बघून विचारलं, किती वर्षांपासून खेळता. तो मामांकडे बघायला लागला. मग म्हणाला की पत्ते असे नाही, पोकर. आधी मोबाईलवर, आता नांदेडला एका ठिकाणी, महिन्यातून दोन-चार वेळा. तो जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे, शिकलेली पोरं खेळतात. बोलता बोलता त्याचा आवाज खुलला. आल्यापासून पहिल्यांदा तो खरं बोलत होता, आणि खरं बोलताना चांगला दिसत होता, हे मला कबूल करावं लागेल.

राजनंदिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतका चांगला खेळ हाय, तर मघाशी माझ्या बापाला कलर मोठा का सिक्वेन्स, हे काहून इचारलं?"

त्यानं परत मामांकडे पाहिलं. तिनं साडीचं ताट उचललं आणि मामांच्या पुढं ठेवलं. भावजींनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली जाजमाकडे. हरलेले चिंचोके त्यांच्याच पुढं पडले होते. नको म्हणाले नाहीत.

स्वयंपाक झालेला होता. आमच्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही, म्हणून मी पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, गरम तूप. मामा दोन घास खाऊन उठले. भावजी तर बसलेच नाहीत. विश्वंभर मात्र खाली मान घालून जेवत होता. मी तूप वाढायला वाकले तसा तो हळू आवाजात, अगदी आदरानं म्हणाला, "काकू, तुमी कुठं खेळायच्या?"

एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं. दुपारभर मी जेवढी तापले नव्हते तेवढी त्या आदरानं तापले.

"मी न्हाई खेळले," मी म्हणाले. "मी खेळणाऱ्यांना वाढत होते."

त्यानं मान हलवली. काय कळलं त्याला, देव जाणे. त्यानं आणखी एक पोळी मागितली, आणि मी ती वाढली.