जावयाच्या हातावर बंद पडणारं घड्याळ

त्या आठवड्यात घड्याळ पहिल्यांदा बंद पडलं ते सोमवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी. मंगळवारी दोन चाळीसला. बुधवारी तर जेवणाच्या सुट्टीआधीच त्याने मान टाकली.

मनगट होतं एका मुद्रितशोधकाचं. छापखान्यात त्याला सगळे ‘पेपरवेट’ म्हणत, कारण सकाळी जिथे ठेवावा तिथेच तो संध्याकाळी सापडे. घड्याळ होतं सासऱ्यांचं, आपोआप चावी बसणारं. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. सेल नाही, हाताने द्यायची चावीही नाही. शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी ते सहा आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हातावरून उतरवून जावयाच्या हातावर बांधलं होतं. वर बजावलं होतं, “जावईबापू, रोज चार किलोमीटर चालायचं. हे घड्याळ खोटं बोलत नाही. बंद पडलेलं दिसलं तर मी महिनाभर मुक्कामाला येईन आणि पहाटे पाचला उठवीन.”

ही पोकळ धमकी नव्हती. थोरल्या साडूने असा एक महिना भोगला होता. तो अजूनही स्वयंपाकघरातून बैठकीत येताना डावा पाय आधी टाकतो.

पेपरवेटने फोनवर दर रविवारी “चाललो, बाबा, चाललो” असं सांगितलं होतं. आणि आता येत्या रविवारी सकाळी दहाला सासरे येणार होते.

“घड्याळच बिघडलंय,” त्याने बुधवारी संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती इस्पितळात नर्स. नुकतीच पाळीवरून येऊन पाय चोळत बसली होती.

“घड्याळ की माणूस?” ती म्हणाली.

त्याने तिकडे दुर्लक्ष केलं. टेबलावर पांढरी उशीची खोळ पसरली. बायकोचा भुवयांचा चिमटा, आईचं भिंग आणि रबरी चेंडू घेतला. चेंडू घड्याळाच्या पाठीवर दाबून पिळला की झाकण फिरतं, असं छापखान्यातला बाइंडर म्हणाला होता. सातव्या प्रयत्नात झाकण फिरलं. आत अर्धचंद्रासारखं एक वजन होतं. घड्याळ तिरकं केलं की ते घरंगळत इकडून तिकडे जाई. कुठे घासत नव्हतं, कुठे अडत नव्हतं, गंजाचा ठिपका नव्हता. पेपरवेटला पाऊण तास बघूनही एकही चूक सापडली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं.

झाकण लावून त्याने घड्याळ हातात धरून हलवलं. बाराव्या हलवण्यानंतर सेकंदकाटा निघाला.

“हलवत राहा,” बायको म्हणाली. “रविवारपर्यंत.”

“हा तर व्यायाम झाला,” तो म्हणाला आणि घड्याळ खाली ठेवलं.

गुरुवारी चाचणी म्हणून घड्याळ आईच्या हातावर गेलं. आईचे गुडघे दुखायचे. ती दिवसभर खुर्चीत बसून स्वेटर विणायची. संध्याकाळी घड्याळ ठणठणीत चालू होतं. मिनिटाचाही फरक नाही.

“अरे, माझ्या सुयांचं टोक तरी हलतं,” आई म्हणाली. “तुझं काय हलतं?”

“पापण्या,” बायको म्हणाली.

पेपरवेटच्या तोंडचं पाणी पळालं. बिघाड सापडला होता. तो खुर्चीत बसला होता. दुरुस्तीला दोन दिवस अपुरे होते. मग जे होतं ते केलं: शुक्रवारी आणि शनिवारी घड्याळ बायकोच्या हातावर. तिच्या वॉर्डात चाळीस खाटा. घड्याळाला असं सुख आयुष्यात मिळालं नसेल.

रविवारी नऊ छप्पन्नला तिने ते काढून टेबलावर ठेवलं. दहाला दार वाजलं.

सासऱ्यांनी बूट काढले, विहीणबाईंना नमस्कार केला आणि थेट घड्याळ कानाला लावलं. टिकटिक ऐकून त्यांचा चेहरा उजळला. “शाबास!” मग त्यांनी पट्टा उलटा केला. चौतीस वर्षं मुलांच्या बुटांच्या नाड्या तपासलेले डोळे ते. “अरे, वळ बघा कुठे पडलाय! तीन भोकं आत? जावईबापू, मनगट इतकं उतरलं? घाला बघू.”

पेपरवेटने घातलं. पट्टा ओढला, श्वास रोखला, तिसऱ्या भोकात बक्कल बसवलं.

“कसं वाटतंय?”

“हलकं,” तो म्हणाला. पंजा वांग्याच्या रंगाचा होऊ लागला होता.

“बोटं हलवा.”

बोटं हलेनात. बायको भिंतीकडे तोंड करून हसत होती. अखेर तीच पुढे झाली आणि बक्कल सोडलं. “पुरे. हात गळून पडायचा. बाबा, मी घातलं होतं. हे दारापर्यंतसुद्धा चालत नाहीत.”

पेपरवेटला पहाटेचे पाच दिसू लागले. सासऱ्यांनी दंड थोपटल्यासारखी बाही वर सारली आणि तेवढ्यात आईच्या सुया थांबल्या.

“व्याहीबुवा, एक विचारू? तुमच्या हातावर हे सेलचं घड्याळ कसं?”

सासऱ्यांनी बाही खाली घेतली.

“असंच.”

“आपलं चांगलं चालणारं घड्याळ देऊन टाकलंत आणि दुकानातून सेलचं आणलंत?”

“बाबा?” बायको म्हणाली.

सासरे खुर्चीत बसले. बराच वेळ मोज्याची घडी नीट करत राहिले. “निवृत्तीनंतर आठव्या दिवशी बंद पडलं,” ते शेवटी पुटपुटले. “मला वाटलं, बिघडलं. दोनदा घड्याळजीला दाखवलं. तो म्हणतो, मास्तर, ठणठणीत आहे. मग म्हटलं, तरुण हातावर तरी चालेल.”

“म्हणजे महिनाभराचा मुक्काम?” पेपरवेटने हळूच विचारलं.

“कशाला? तुम्हाला पाचला उठवायचं म्हणजे मला साडेचारला उठावं लागेल.”

बायकोने घड्याळ उचललं, तिसऱ्या भोकात बसवलं आणि पिशवी घेऊन कामावर निघाली. आता ते तिचंच, यावर चर्चा झाली नाही. सासरा आणि जावई समोरासमोरच्या खुर्च्यांत बसून राहिले. सासऱ्यांच्या हातावर घड्याळ होतं. पण ते बघायला मनगट फिरवावं लागलं असतं.

“किती वाजले गं?” सासऱ्यांनी दाराकडे बघत हाक मारली.