रिकामं मशीन

"नुसतं बटण दाबायचंय, मावशी. आत काही टाकायचं नाही," सलिल म्हणाला.

द्वारकाबाईंचे हात जागचे हलले नाहीत. "रिकामा पाळणा हलवत न्हाईत. रिकामं मशीनबी फिरवत न्हाईत."

धायरीतली ही पत्र्याची शेड उभी राहिल्यापासून ग्राइंडर त्याच चालवत होत्या. प्लास्टिकच्या फुटक्या बादल्या नि डबे आत जात, चुरा बाहेर पडे. सलिल ज्या वेफर्सच्या कंपनीचा सल्लागार होता, तिने बाजारात ओतलेल्या वेष्टनांचे रीसायकलिंग झाल्याचे प्रमाणपत्र आता कायद्याने सक्तीचे होते. ती चंदेरी वेष्टने या यंत्रात दळलीच जात नसत. त्यांची पोती मागे साठत आणि संधी साधून ओढ्याकाठी जाळली जात. ती दळल्याचे शेडचे प्रमाणपत्र मात्र तयार होते. आज तपासणी होती. काम झाले असे भासण्यासाठी विजेचा मीटर पळायला हवा होता.

"ऑडिटरला युनिट्स दिसले की झालं. इट्स जस्ट कंप्लायन्स," सलिलने मालकांना समजावले.

जयसिंगशेठ नजर चुकवत म्हणाले, "द्वारकाबाई, हे काम गेलं तर शेड बंद पडेल. तुम्हाला जमत नसेल, तर दुसरी बाई बघतो."

"बघा की. ओढ्यावरचा धूर माझ्या घरात शिरतोय, शेठ. नात खोकून खोकून निळी पडती. अन् हितं म्हनं सगळं दळून झालंय!"

सलिलने स्वतःच बटण दाबले. रिकामी पाती कर्कश फिरू लागली.

द्वारकाबाई मागच्या दाराने गेल्या आणि वेष्टनांचे पोते ओढत परतल्या.

"अहो, ते कशाला?"

"कागदावर ह्यानं समदं खाल्लंय नव्हं? मग खाऊ द्या की पोटभर."

त्यांनी पोते यंत्राच्या तोंडात रिते केले. पात्यांभोवती चंदेरी पट्ट्या आवळत गेल्या. यंत्र कण्हले, थरथरले आणि थांबले.

"उद्यापासून येऊ नका!" जयसिंगशेठ ओरडले.

"उद्याचं उद्या. अडकलेलं काढल्याबिगर जायची न्हाई. माझ्या हातचं मशीन हाय."

बाहेर ऑडिटरची गाडी थांबली. "मावशी, ते झाका आधी, प्लीज," म्हणत सलिल दाराकडे धावला.

द्वारकाबाईंनी मेन स्विच खाली ओढला, झाकण उघडले आणि पात्यांत गुंतलेली एकेक पट्टी सोडवून, नीट उलगडून, त्या पुढच्या दाराच्या उंबरठ्यावरच्या उन्हात ठेवू लागल्या.